लाव्ह्यांसाठी पहिले उबवणी यंत्र : लहान घ्या, पण पारखून घ्या



ऊस विकास विभागाच्या पानावर लागणीच्या तारखा, बेणे प्रक्रिया आणि खोडकिडी यांच्याऐवजी अंड्यांचा विषय पाहून काहींना नवल वाटेल. पण गेले दोन हंगाम गट कार्यालयात उसाची नोंद द्यायला येणारे सभासद, आणि त्यांच्याहूनही जास्त त्यांची मुले व सुना, नोंदीचे काम आटोपले की हळूच विचारतात, "साहेब, लाव्ह्याची अंडी उबवायला मशीन कुठलं घ्यावं?" प्रश्न एकच असतो, पण त्याच्या पोटात पैशाचा मामला असतो. कुणाला पाचशे अंड्यांचे यंत्र कुणी तरी दाखवलेले असते. कुणी हजाराच्या यंत्राचा इसारही देऊन आलेला असतो. आता तर काही सभासदांनी अशी सूचना मांडली आहे की, कारखान्याने अशी मोठी यंत्रे एकगठ्ठा घेऊन सभासदांना द्यावीत आणि त्याची वसुली ऊस बिलातून कपात करून करावी.

सूचना चांगल्या हेतूने आली आहे. तरीही माझे मत तिच्या विरुद्ध आहे आणि ते का, हे सविस्तर सांगणे माझे काम आहे.

प्रथम पक्ष्याविषयी थोडेसे. आपण ज्याला पाळीव लाव्हा म्हणतो आणि बाजारात ज्याला बटेर म्हणतात तो जपानी लाव्हा. हा पक्षी १९७४ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियातून आपल्या देशात आणला गेला. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने पुढे त्याच्यावर काम करून तो शेतकऱ्यांपर्यंत पोचवला. सहा-सात आठवड्यांत मादी अंड्यावर येते, पाच आठवड्यांत नर विक्रीला तयार होतो, जागा थोडी लागते. गोष्ट खरी आहे, म्हणून तर तरुण मुलांचे मन तिकडे ओढते. आडसाली उसाला दीड वर्ष वाट पाहणाऱ्या घरात अठरा दिवसांत पिल्लू हातात येते, याचे अप्रूप वाटणारच.

आपल्या उसात, गव्हात, हरभऱ्यात जो रानातला लाव्हा फुर्रकन उडतो, तो मात्र वेगळा. तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तोडणीच्या वेळी बांधाला त्याचे घरटे सापडले तर अंडी जिथल्या तिथे राहू द्यावीत. ती घरी आणून यंत्रात ठेवणे हा गुन्हा आहे. पाळण्यासाठी अंडी वा पक्षी विकत घेताना पावती घ्या आणि ती जपून ठेवा.

आता यंत्र लागतेच का, हा पहिला प्रश्न. लागते. शेकडो पिढ्या माणसाच्या हाताखाली काढल्यामुळे जपानी लाव्ही खुडूक व्हायची विसरली आहे. ती अंडे घालते आणि निघून जाते. बऱ्याच माऊल्या म्हणतात, "मग आमच्या गावठी खुडूक कोंबडीखाली बसवू." लहान चणीची, शांत कोंबडी असेल तर क्वचित जमतेही. पण लाव्ह्याचे अंडे जेमतेम दहा ग्रॅमचे, कवच कागदासारखे. दीड-दोन किलोची कोंबडी उठता-बसता त्यातली निम्मी फोडते. म्हणजे हा धंदा करायचा तर यंत्र हीच आई. म्हणून ती आई कशी आहे हे नीट पारखून घेतले पाहिजे.

हे दहा ग्रॅम नीट लक्षात ठेवा, कारण यंत्राची सगळी निवड त्यावरच अवलंबून आहे. कोंबडीचे अंडे ५५-६० ग्रॅमचे असते. मोठा हंडा आणि लहान वाटी एकाच वेळी चुलीवरून उतरवली तर वाटी आधी निवते, हे कुणालाही सांगावे लागत नाही. लाव्ह्याचे अंडे ही ती वाटी. यंत्रात उष्णता जरा घसरली की ते लगेच थंड होते, जरा चढली की लगेच तापते. कोंबडीच्या अंड्याला चालून जाणारे चढउतार लाव्ह्याच्या अंड्याला चालत नाहीत. तेव्हा "हे मशीन किती अंड्यांचं?" हा प्रश्न दुकानात सगळ्यात शेवटी विचारावा. "उष्णता किती स्थिर राहते, आणि चारही कोपऱ्यांत सारखी राहते का?" हा पहिला प्रश्न.

आपल्याला हा विचार नवा नाही. बेण्याला उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया देताना आपण ५४ अंश सेल्सिअस उष्णता राखतो. ती दोन अंश कमी पडली तर रोग मरत नाही, दोन अंश वाढली तर डोळे मरतात. त्या पेटीत मध्यभागी काटा बरोबर दाखवतो आणि कोपऱ्यातल्या मोळ्या कच्च्या राहतात, हे आपल्या मुकादमांनाही ठाऊक आहे. उबवणी यंत्राची तऱ्हा तीच, फक्त येथे आकडा ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट.

यंत्रे दोन जातींची येतात, बिनपंख्याची आणि पंख्याची. बिनपंख्याच्या पेटीत गरम हवा वर आणि थंड हवा खाली राहते. त्यामुळे अंड्याच्या वरच्या अंगाला मोजून उष्णता एखादा अंश जास्तच ठेवावी लागते आणि तापमापक बोटभर वर-खाली झाला तरी आकडा बदलतो. ही पेटी स्वस्त असते. मुरलेला माणूस तिच्यातून चांगली पिल्ले काढतोही. नवख्याने मात्र तिच्या वाटेला जाऊ नये. पंख्याच्या यंत्रात हवा फिरती राहते आणि सगळीकडे जवळपास सारखी ऊब मिळते. माझी शिफारस स्पष्ट आहे : पहिले यंत्र पंख्याचेच घ्या. पंख्याला बारीक जाळी बसवलेली आहे ना, हेही तिथेच पाहा. लाव्ह्याचे पिल्लू सहा-सात ग्रॅमचे, मधमाशीपेक्षा थोडे मोठे म्हटले तरी चालेल. अंड्यातून बाहेर आले की ते गप्प बसत नाही. उघडा पंखा, उघडे पाण्याचे पन्हाळे, अर्ध्या इंचाची फट या सगळ्या त्याच्या मरणाच्या जागा.

यानंतर ट्रेचा विषय येतो. येथे दुकानदार हटकून फसवतो असे मी म्हणणार नाही, पण सांगायचे विसरतो. बाजारातील बहुतेक लहान यंत्रे कोंबडीच्या अंड्यांसाठी बनवलेली असतात. त्यांच्या खाचांत लाव्ह्याचे अंडे बसत नाही. आडवे पडते, घरंगळते, फिरवताना एकमेकांवर आपटून तडकते. काही यंत्रांत रूळ असतात आणि त्यावर अंडी लोळत फिरतात. त्या रुळांतील अंतर कमी करता येत असेल तरच ते आपल्या कामाचे. लाव्ह्याचा वेगळा ट्रे यंत्रासोबत मिळतो का, तो त्यात खरोखर बसतो का, हे दुकानातच बसवून पाहावे. "नंतर पाठवून देतो" यावर विसंबू नये. आणि पेटीवर लिहिलेला अंड्यांचा आकडा कोंबडीचा आहे की लाव्ह्याचा, हेही विचारावे. त्याच जागेत लाव्ह्याची अंडी दुपटीहून जास्त मावतात, म्हणून जाहिरातीत कधी हा आकडा छापतात, कधी तो.

अंडी आपोआप फिरवणारे यंत्र घ्यावे की हाताने फिरवावीत, यावर मतभेद आहेत. पहिले चौदा दिवस अंडी दिवसातून निदान तीन वेळा फिरवावी लागतात, नाही तर आतला जीव कवचाला चिकटतो. पंधराव्या दिवसापासून फिरवणे बंद. तीन दिवस अंडी आडवी, शांत पडू द्यायची आणि सतरा-अठराव्या दिवशी पिल्ले येतात. हाताने फिरवणे कठीण मुळीच नाही. पण आपल्या घरांची रीत काय? सकाळी सगळे रानात, दुपारी घरात म्हातारी एकटी, रात्री पाण्याची पाळी. तिसरी फेरी हमखास चुकते. शिवाय दर वेळी झाकण उघडले की ऊब आणि ओल दोन्ही निघून जातात. म्हणून ट्रे बरोबर बसत असेल तर आपोआप फिरवणारे यंत्र थोडे महाग पडले तरी घ्यावे. ट्रे बसत नसेल तर मात्र त्या मोटारीला काही अर्थ नाही, साधे यंत्र बरे.

ओलीविषयी फार लिहिले जाते. मला त्यातले निम्मे घाबरवण्यासाठी लिहिल्यासारखे वाटते. पहिले चौदा दिवस ४५ ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के आर्द्रता राहिली की पुरे. दर तासाला काटा बघून पाणी ओतत बसू नये. शेवटच्या तीन दिवसांत मात्र झाकण उघडायचे नाही. एक पिल्लू बाहेर आले की घरातली पोरे झाकण उचलायला धावतात, ओल जाते आणि बाकीची पिल्ले सुकलेल्या पडद्यात अडकून मरतात. म्हणून वरून काच किंवा पारदर्शक झाकण असलेले आणि बाहेरून नळीने पाणी घालता येणारे यंत्र घ्यावे. पोरांना बघू द्या, उचलू देऊ नका.

आता सर्वांत महत्त्वाचे, वीज. दुकानातील यंत्र दुकानातल्या विजेवर चालत असते. आपले वस्तीवर चालायचे आहे. गावठाणात राहणाऱ्यांचे एक, पण ज्यांचे घर रानात, शेतीच्या वाहिनीवर आहे, त्यांना विजेचा भरवसा किती हे मी सांगायला नको. वादळी पावसात तार तुटली तर दुरुस्तीला दुसरा दिवस उजाडतो. तास-दोन तास वीज गेली तर अंडी सहसा मरत नाहीत. ती थोडी थंडी सोसतात. जास्त उष्णता मात्र सोसत नाहीत. पण रोज रात्री चार-चार तास गेली तर पिल्ले उशिरा येतात, अशक्त येतात, काही येतच नाहीत.

म्हणून यंत्र घेताना ते १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालते का, हे विचारा. नसेल तर घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचे. त्याचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा, कठीण नाही. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १,२०० वॅट-तास. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही काही जाते, म्हणून निम्मे, ६०० धरा. लहान यंत्र थांबत-थांबत सरासरी ४० वॅट घेत असेल तर पंधरा तास निघतात, रात्र सहज पार पडते. पण त्याच इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि टीव्ही सुरू राहिला तर सगळे मिळून अडीचशे वॅटच्या घरात जाते आणि अडीच तासांत बॅटरी बसते. तेव्हा ज्या रात्री वीज गेली त्या रात्री मालिका बघायची की पिल्ले काढायची, हे घरात आधी ठरवून घ्या. (हे वाक्य आमच्या घरी वाचले जाणार आहे याची मला कल्पना आहे.) मोठ्या यंत्राचा भार कित्येक पट. त्याला वेगळी बॅटरी किंवा जनरेटर लागतो आणि तो खर्च विक्रेत्याच्या कागदावर कधीच नसतो.

बॅटरी नसेल आणि वीज गेलीच तर झाकण उघडू नये. यंत्रावर घोंगडी टाकावी, हवेची भोके मोकळी ठेवावीत. यंत्रात जागा असेल तर पाण्याने भरलेल्या एक-दोन बंद बाटल्या सुरुवातीपासूनच आत ठेवून द्याव्यात. पाणी ऊब धरून ठेवते, काटा लवकर पडत नाही. खर्च काही नाही आणि उपयोग मोठा.

थर्माकोलची पेटी ऊब चांगली धरते, पण धुताना तिचे कण सुटतात आणि पिल्लांची पिसे, कवचाचा भुगा, घाण तिच्या छिद्रांत राहते. तिसऱ्या खेपेला वास येऊ लागला की समजावे, आत रोग मुरला. आतून धुता येणारे दुपदरी प्लॅस्टिकचे यंत्र बरे. घरीच पेटी बनवणाऱ्या हुशार मुलांचे मला कौतुक आहे. जुन्या फ्रिजच्या सांगाड्यात दिवा आणि उष्णता-नियंत्रक बसवून उत्तम पेट्या तयार होतात. (दिवा तारेचा हवा. एल.ई.डी.ने उजेड पडतो, ऊब नाही.) पण पहिलीच खेप घरच्या पेटीत काढू नये असे मला वाटते. कारण पिल्ले निघाली नाहीत तर दोष अंड्यांचा, आपल्या हाताचा की पेटीचा, हे कळायला मार्ग राहत नाही. दोन-तीन खेपा विकतच्या यंत्रात निघाल्या की मग खुशाल बनवा.

यंत्र घरी आणले की त्याच दिवशी अंडी ठेवण्याची घाई करू नये. दोन दिवस ते रिकामे चालवा. यंत्राच्या आकड्यावर एकदम विश्वास ठेवू नका. ताप मोजायचा साधा थर्मामीटर आणि यंत्रासोबत आलेला तापमापक एकाच कोमट पाण्याच्या भांड्यात धरून ताडून बघा, किती फरक आहे ते कळेल. मग तो तापमापक यंत्रात चारही कोपऱ्यांत अर्धा-अर्धा तास ठेवा. कोपऱ्या-कोपऱ्यांत अर्ध्या अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक आला तर यंत्र परत करा, पावती हातात असताना. आर्द्रतेचा काटा तपासायलाही घरगुती उपाय आहे. एका झाकणात मीठ घेऊन थोडे पाणी टाकून ते चिखलासारखे ओले करा, काट्यासह हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवा. काटा ७५ टक्के दाखवायला हवा. ६८ दाखवला तर सातचा फरक लक्षात ठेवून वाचायचे. शेवटी रात्री मुद्दाम बटण बंद करून दोन तासांत उष्णता किती उतरते ते लिहून ठेवा. वीज गेल्यावर हातात किती वेळ आहे, हे त्यावरून समजते.

जागाही नीट निवडा. चुलीजवळ नको, दारासमोर नको, पंपघरात तर नकोच. लहान यंत्राला ऊब देता येते, गारवा देता येत नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी चाळीस अंश झाले तर यंत्र बंद पडूनही आत चाळीसच राहणार आणि अंडी शिजल्यासारखी होणार. पहिली खेप पावसाळा सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास घ्यावी. गळीत सुरू होण्याच्या आत एक खेप निघते आणि हात बसतो.

अंडी कशी आणावीत याबद्दल थोडक्यात. खायला विकतात ती दुकानातली अंडी आणू नयेत. तिथे माद्यांत नर असतोच असे नाही. दोन-तीन माद्यांमागे एक नर ठेवणाऱ्या जवळच्या पाळणाऱ्याकडून, आठवड्याच्या आतली अंडी स्वतः जाऊन आणावीत, मोटारसायकलच्या डिकीत आदळत आणू नयेत. आणल्यावर टोकदार बाजू खाली करून एक रात्र शांत ठेवावीत, मगच यंत्रात.

पिल्ले निघून गेल्यावर न फुटलेली अंडी आपण नाक मुरडून उकिरड्यावर टाकतो. तसे करू नये. लागणीत उगवण न झालेली कांडी आपण उकरून बघतो ना? डोळा कुजला, की वाळवी लागली, की बेणेच जून होते? तसेच अंडे फोडून बघावे. आत नुसता बलक असेल तर अंड्यात जीवच नव्हता, यंत्राला बोल लावू नका, अंडी देणाऱ्याला विचारा. रक्ताची कडी दिसली तर सुरुवातीच्या दिवसांत उष्णता चुकली किंवा अंडी शिळी होती. पूर्ण वाढलेले पिल्लू आत मेलेले असेल तर शेवटच्या दिवसांतली ओल, हवा किंवा उष्णता तपासा. दिव्यावर धरून अंडी तपासण्याची पद्धत कोंबडीच्या अंड्याला ठीक आहे. लाव्ह्याचे कवच काळ्या-तपकिरी ठिपक्यांनी भरलेले, नवख्याला आत काही दिसत नाही आणि हाताळण्यात अंडी फुटतात. पहिल्या खेपेला ती भानगड करू नका. पन्नास अंड्यांतून तीस पिल्ले निघाली तर पहिल्या खेपेला मी ते यश मानीन.

आता मोठ्या यंत्राचा हिशेब. पन्नासातून तीस पिल्ले निघाली तर ती एका लाकडी खोक्यात, दिव्याच्या उबेत मावतात. पाच आठवड्यांपर्यंत एक पक्षी साधारण अर्धा किलो खाद्य खातो, म्हणजे तीस पक्ष्यांना पंधरा किलो. एक-दोन मेली तरी घर बुडत नाही. त्यातले निम्मे नर घरी, शेजारी, ओळखीच्या ढाब्यावर खपतात, आणि माद्या सातव्या आठवड्यापासून रोज दहा-बारा अंडी देऊ लागतात. पुढच्या खेपेला अंडी विकत आणायची गरजच उरत नाही.

पाचशे अंड्यांच्या यंत्रातून त्याच प्रमाणात तीनशे पिल्ले निघतील. त्या पिल्लांना पहिला आठवडा ३५ अंशांच्या पुढे ऊब द्यायची, ती कशात? पाण्याच्या भांड्यात गोट्या किंवा खडे टाकायचे, नाही तर एवढ्याशा पाण्यात पिल्ले बुडतात. खाली खरखरीत गोणपाट हवे, गुळगुळीत कागदावर पाय फाकतात. हे तीस पिल्लांना शिकता येते. तीनशेंवर शिकायला गेलात तर सकाळी घमेले भरून बाहेर काढायची पाळी येते. जगली तर दीडशे किलो खाद्य, आणि बरोबर छत्तिसाव्या दिवशी गिऱ्हाईक. आणि यंत्र रिकामे ठेवायचे नाही म्हणून मागून दुसरी तीनशे येतातच.

येथेच "आम्ही सगळा माल परत घेऊ" म्हणणारा माणूस दारात येतो. यंत्रही त्याचे, अंडीही त्याची, खाद्यही त्याचे, भावही त्यानेच लिहून दिलेला. सभासदांनी इमूचे दिवस आठवावेत. २०१२ साली तमिळनाडूत इमूच्या योजना कोसळल्या तेव्हा आपल्याकडेही अनेकांच्या कुंपणात ते उंच पक्षी गिऱ्हाइकाविना उभे राहिले. त्यानंतर सातच वर्षांनी, २०१९ साली, सांगली जिल्ह्यातून कडकनाथचे प्रकरण उघडकीला आले. तिथेही पक्षी चांगलाच होता. कडकनाथमध्ये खोट नव्हती, लाव्ह्यातही नाही. खोट परत खरेदीच्या कागदात होती. त्या कागदावर धंदा उभा होता आणि कागद गेल्यावर पक्षी तेवढे उरले. ज्याला आपला माल आपल्या तालुक्याच्या बाजारात विकता येत नाही, त्याने पाचशेच्या यंत्राकडे पाहू नये.

आता ऊस बिलातून कपातीच्या सूचनेकडे येतो. कपातीची सोय ही सभासदाच्या हिताची, पण धारदार वस्तू आहे. बेणे, खते, सोसायटीचे कर्ज यांची कपात होते, कारण ती गोष्ट त्याच उसात जाते आणि त्याच उसातून वसूल होते. उबवणी यंत्राची कपात उसातून होईल, पिल्ले निघोत वा न निघोत. यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडेल आणि त्याचा हप्ता पहिल्या उचलीतून जात राहील. ज्या घरात मुलीचे लग्न किंवा पोराची फी त्या उचलीवर ठरलेली असते, तिथे हे बरे दिसणार नाही. विक्रेत्याला मात्र यासारखे सोयीचे काही नाही. त्याचे पैसे कारखान्याकडून रोख, बुडीत सभासदाची.

त्याऐवजी माझी सूचना अशी. कारखान्याने प्रत्येक गट कार्यालयासाठी साठ-सत्तर लाव्ह्याची अंडी मावतील असे, पंख्याचे, लाव्ह्याचा ट्रे असलेले आणि बॅटरीवरही चालणारे एक लहान यंत्र घ्यावे. अनामत ठेवून ते पाळीने सभासदांच्या घरी द्यावे, महिला बचत गटांना प्राधान्य असावे. दोन दिवस रिकामे चालवून बघायला, अठरा दिवस उबवणीला आणि एक दिवस साबणाने धुऊन उन्हात वाळवायला, अशी एकवीस दिवसांची एक पाळी धरावी. एप्रिल-मे सोडून दहा महिन्यांत एका यंत्रावर चौदा घरांचा हात बसेल. न धुतलेले यंत्र परत घेतले जाणार नाही आणि अनामतही मिळणार नाही, हा नियम मात्र कडक हवा, कारण एका घराचा रोग दुसऱ्या घरी नेणारे यंत्र नसलेले बरे. दोन खेपा ज्याने नीट काढल्या आणि वहीत लिहून ठेवल्या, त्याला मोठे यंत्र घ्यायचे असेल तर त्याने पंचायत समितीतील पशुधन विकास अधिकाऱ्यांचा सल्ला घेऊन जरूर घ्यावे.

हा विषय पुढील गट बैठकीत चर्चेला ठेवण्याची विनंती मी व्यवस्थापनाला करीत आहे. ज्यांनी इसार दिलेला आहे त्यांनी बाकीचे पैसे देण्यापूर्वी यंत्राचा कागद घेऊन कोणत्याही कामाच्या दिवशी सकाळी दहा ते बारा या वेळेत गट कार्यालयात यावे. ट्रे कोणता, पंखा आहे की नाही आणि वॅट किती, एवढे त्या कागदावरून बघता येईल.

— ऊस विकास अधिकारी